पांढरीतील संसार : इनामगाव उत्खननातील दैनंदिन वस्तू आणि कोकणातील वसाहतींच्या अभ्यासाची दिशा

प्रस्तावना

रत्नागिरी जिल्ह्यात मुचकुंदी नदी अरबी समुद्राला मिळते त्या मुखावर पूर्णगडाचा छोटा किल्ला उभा आहे. जांभ्या दगडाचा तट, बुरूज, दरवाजा आणि तटाखालच्या उतारावर वसलेले गाव असे त्याचे स्वरूप आहे. किल्ला कोणी बांधला याविषयी एकाहून अधिक मते आढळतात. अशा स्थळाचा इतिहास सांगताना सामान्यतः राजवटी, लढाया आणि हस्तांतरे यांचीच नोंद होते. तटाखाली राहणाऱ्या माणसांनी कोणत्या भांड्यात अन्न शिजविले, घराची जमीन कशी केली, धान्य कोठे साठविले, मूल दगावले तर त्याला कोठे ठेवले, हे प्रश्न बखरीत किंवा दप्तरात क्वचितच येतात. हे प्रश्न गौण आहेत म्हणून ते आलेले नाहीत असे नाही. ज्यांनी कागद लिहिले त्यांना या गोष्टी लिहिण्याजोग्या वाटल्या नाहीत, एवढाच त्याचा अर्थ होतो.

या प्रश्नांची उत्तरे शोधण्याचे शास्त्र म्हणजे वसाहतींचे पुरातत्त्व होय. महाराष्ट्रात या दृष्टीने सर्वांत विस्तृत काम पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे झाले. तेथील लोकांनी एकही अक्षर लिहून ठेवलेले नाही, तरीही त्यांच्या संसाराविषयी आज जेवढे सांगता येते तेवढे अनेक ऐतिहासिक गावांविषयीही सांगता येत नाही. हे कसे शक्य झाले, दैनंदिन वापरातील वस्तू कोणत्या अटीवर बोलू लागतात आणि या अनुभवातून कोकणकिनाऱ्यावरील वसाहतींच्या अभ्यासाला कोणती दिशा मिळते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पांढर : संज्ञा आणि स्वरूप

महाराष्ट्राच्या देशावरील ग्रामव्यवहारात 'काळी' आणि 'पांढरी' असे दोन शब्द रूढ आहेत. काळी म्हणजे पिकाऊ जमीन आणि पांढरी म्हणजे गावठाणाची, वस्तीची जमीन. पुरातत्त्वाच्या दृष्टीने हा भेद अत्यंत अर्थपूर्ण आहे. मातीच्या भिंती पावसाने ढासळतात, त्यावर पुन्हा घर उभे राहते. चुलीतील राख, शेण, कोंडा, हाडे आणि फुटकी भांडी शेजारीच टाकली जातात. शेकडो वर्षे हा क्रम चालू राहिला म्हणजे भोवतालच्या काळ्या जमिनीपेक्षा उंच आणि राखेमुळे फिकट रंगाचे टेकाड तयार होते. शेतकऱ्याने ज्याला पांढर म्हटले तेच पुरातत्त्वज्ञाचे वसाहतीचे टेकाड होय. लोकभाषेने ही ओळख शास्त्राच्या कितीतरी आधी करून ठेवलेली आहे.

टेकाडाची वाढ खालून वर होत असल्याने सर्वांत खालचा थर सर्वांत जुना असतो, हे उत्खननाचे मूलभूत गृहीतक आहे. मात्र प्रत्यक्षात थर इतके सरळ नसतात. पुढच्या पिढीने धान्यासाठी खड्डा खणला तर तो मागच्या पिढीच्या घराची जमीन भेदून जातो आणि नव्या काळातील खापर जुन्या थराच्या पातळीवर पोहोचते. म्हणून जागा चौरसांत आखून, मध्ये न खणलेल्या मातीचे बांध राखून, थराथराने खणले जाते. बांधाच्या उभ्या छेदावर थर, खड्डे आणि जमिनी स्पष्ट दिसतात व त्यांचे रेखांकन होते. प्रत्येक वस्तूची नोंद चौरस, थर आणि खोली यांसह केली जाते. माती चाळली जाते. राखमिश्रित माती पाण्यात ढवळली असता जळालेले दाणे वर तरंगतात आणि ते वेगळे करता येतात. जळलेल्या कोळशातील किरणोत्सर्गी कार्बनचे प्रमाण मोजून त्या थराचा अंदाजे काळ ठरविता येतो.

उत्खननाच्या दोन पद्धती येथे लक्षात घ्याव्या लागतात. उभ्या उत्खननात लहान क्षेत्र खोलवर खणून संस्कृतींचा क्रम समजून घेतला जातो. आडव्या उत्खननात एकाच काळातील विस्तीर्ण क्षेत्र उघडे केले जाते, त्यामुळे घर, अंगण, गल्ली आणि शेजार यांचे परस्परसंबंध दिसतात. पहिल्या पद्धतीने 'कोणानंतर कोण' हे कळते, तर दुसऱ्या पद्धतीने 'कोण कोणाशेजारी' हे कळते. गावाचा सामाजिक इतिहास लिहावयाचा तर दुसरी पद्धत अपरिहार्य ठरते; परंतु ती खर्चिक आणि दीर्घकाळ चालणारी असते.

इनामगाव : स्थळ आणि कालक्रम

अहिल्यानगर जिल्ह्यातील (पूर्वीचा अहमदनगर जिल्हा) प्रवरा नदीकाठच्या जोर्वे येथे १९५०-५१ मध्ये झालेल्या उत्खननाने महाराष्ट्रातील ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला नाव मिळाले. त्यानंतर नेवासे, चांडोली, सोनगाव, दायमाबाद अशा अनेक ठिकाणी या संस्कृतीचे अवशेष आढळले. तथापि यांपैकी बहुतेक ठिकाणी उघड झालेले क्षेत्र मर्यादित होते. ही उणीव भरून काढण्यासाठी पुण्याच्या डेक्कन कॉलेजने शिरूर तालुक्यातील, भीमेची उपनदी असलेल्या घोड नदीच्या उजव्या तीरावरील इनामगावची निवड केली. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांच्या मार्गदर्शनाखाली १९६८ पासून १९८३ पर्यंत येथे उत्खनन झाले आणि त्याचा सविस्तर अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. मुख्य वसाहत सुमारे ५ हेक्टर क्षेत्रात पसरलेली होती. तीत १३० हून अधिक घरांचे अवशेष उघडकीस आले.

वसाहतीचे तीन कालखंड मानले जातात : माळवा काळ (सुमारे इ. स. पू. १६०० ते १४००), पूर्व जोर्वे काळ (सुमारे इ. स. पू. १४०० ते १०००) आणि उत्तर जोर्वे काळ (सुमारे इ. स. पू. १००० ते ७००). म्हणजे एकाच जागी सुमारे नऊशे वर्षे लोक राहिले. तीस-पस्तीस पिढ्यांचा हा संसार आहे.

घर, चूल आणि कणगी

माळवा आणि पूर्व जोर्वे काळातील घरे मुख्यतः आयताकार होती. कुडाच्या, मातीने लिंपलेल्या बुटक्या भिंती, लाकडी खांब आणि गवताने शाकारलेले उतरते छप्पर असे त्यांचे स्वरूप होते. यांपैकी लाकूड व गवत नष्ट झाले. परंतु खांब जेथे रोवले होते तेथे वेगळ्या रंगाची, भुसभुशीत माती भरलेली वर्तुळे राहिली. अशी वर्तुळे नकाशावर जोडली असता घराचा आकार मिळतो. वस्तू नाहीशी झाल्यावर उरलेली रिकामी जागा हाही पुरावा असतो, हे या उदाहरणावरून विद्यार्थ्यांना चांगले समजाविता येते.

घराच्या आत चूल, पाणी किंवा धान्य ठेवण्याच्या जागा, लिंपलेल्या कणगीचे वाटोळे ओटे आणि धान्याची पेवे आढळली. पूर्व जोर्वे काळात घरे ओळीने बांधलेली असून दोन घरांमध्ये सुमारे दीड मीटर मोकळी जागा ठेवलेली दिसते. ही जागा ये-जा करण्यासाठी असावी. याचा अर्थ घरे कोणीही कोठेही बांधीत नव्हते. वस्तीची काही रीत होती आणि ती पाळली जात होती.

दळण्यासाठी दगडी पाटे व वरवंटे वापरीत. दोन तळ्यांचे फिरते जाते या काळात अद्याप आलेले नव्हते. दख्खनमध्ये ते पुढे, सातवाहनकालीन थरांत आढळते. जात्यावरची ओवी ही महाराष्ट्रातील स्त्रीजीवनाची आद्य खूण मानण्याची सवय असली, तरी इनामगावच्या स्त्रीचे दळण गुडघे टेकून, पुढे-मागे रेटण्याचे होते. वस्तूंचा अभ्यास परंपरेविषयीच्या ठाम समजुतींनाही अशी कालमर्यादा घालून देतो.

तांबे ज्ञात असले तरी दुर्मिळ होते. कापण्या-सोलण्याचे रोजचे काम कॅल्सेडनीसारख्या दगडाच्या लहान, धारदार पात्यांनीच होत असे. 'ताम्रपाषाण' ही संज्ञा म्हणूनच सार्थ आहे : तांबे हे मोलाचे आणि पाषाण हे नित्याचे.

खापरांची साक्ष

कोणत्याही उत्खननात सर्वाधिक संख्येने मिळणारी वस्तू म्हणजे खापर. भांडे सहज फुटते, परंतु खापर सहज नष्ट होत नाही. शिवाय ते पुन्हा वितळवून वापरता येत नाही आणि चोरण्याजोगेही नसते. या कारणांमुळे ते जेथे पडले तेथेच राहते. सोने-तांब्याबाबत असे म्हणता येत नाही.

जोर्वे पद्धतीची भांडी चाकावर घडविलेली, उत्तम भाजलेली, टिचकी मारल्यास धातूसारखा आवाज देणारी आणि तांबूस पृष्ठभागावर काळ्या रंगाने भौमितिक नक्षी काढलेली आहेत. लांब तोटीचे भांडे आणि मध्यभागी कोन असलेला वाडगा हे त्यांचे विशेष आकार होत. त्यांच्याबरोबरच स्वयंपाक आणि साठवण यांसाठी भरड, जाडसर भांडी होती. सुबक भांड्यावरून कालखंड आणि संपर्क कळतात, तर भरड भांड्यावरून घरातील काम कळते. तळाला काजळी धरलेले मडके चुलीवरचे. रुंद पोटाचे, जाड काठाचे रांजण साठवणीचे. इनामगाव येथे कुंभाराची भट्टी मिळाल्याने ही भांडी गावातच घडत होती, हेही स्पष्ट झाले.

वस्तूंच्या टिकाऊपणाविषयी आणखी एक उदाहरण उद्बोधक आहे. नेवासे येथे एका बालकाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. तांब्याच्या गंजाच्या सान्निध्यामुळे मण्यांत ओवलेला धागा टिकून राहिला आणि परीक्षणात तो कापूस व रेशीम यांचा असल्याचे आढळले. चांडोली येथे अशाच प्रकारे जवसाच्या झाडापासून काढलेला धागा ओळखता आला. एरवी कापड पूर्णपणे कुजून जाते. एका माळेतील धाग्याने सबंध विणकामाचा पुरावा दिला आणि तो मणी धुऊन-पुसून चकचकीत केला असता तर कायमचा गेला असता.

अन्न आणि पाणी

जळालेल्या दाण्यांच्या अभ्यासावरून इनामगावचे मुख्य धान्य सातू म्हणजे बार्ली होते असे दिसते. त्याखेरीज गहू, मसूर, वाटाणा, कुळीथ यांचेही दाणे मिळाले. आज ज्वारी-बाजरीचा म्हणून ओळखला जाणारा हा प्रदेश त्या काळी प्रामुख्याने रब्बीच्या सातूवर जगत होता. गाय-बैल, म्हैस, शेळी, मेंढी ही पाळीव जनावरे होती. हरणांची शिकार आणि मासेमारीही चालत असे. हाडांवरील कापल्याच्या खुणांवरून मांसाहाराविषयी अनुमान करता येते.

पर्जन्यछायेच्या प्रदेशात रब्बीचे पीक घ्यावयाचे तर पाण्याची तरतूद हवी. इनामगाव येथे पूर्व जोर्वे काळातील दगडमातीचा बांध आणि पाणी वळविण्याचा चर आढळला. पुराचे पाणी वळविणे व शेतीला ओलावा देणे हे त्याचे प्रयोजन असावे असा उत्खनकांचा निष्कर्ष आहे. असे काम एका कुटुंबाचे नव्हे. अनेक घरांचे श्रम एकत्र आणणारी कोणती तरी व्यवस्था गावात असली पाहिजे.

या व्यवस्थेचा दुवा घरांच्या मांडणीत मिळतो. वसाहतीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे मोठे घर आणि त्याला लागून धान्यकोठार होते. कुंभार, सोनार, चुना भाजणारा अशा कारागिरांची घरे पश्चिम कडेला होती. यावरून मध्यभागी गावप्रमुख राहत असावा आणि कोठारात धान्यरूपाने वसुली जमा होत असावी, असे ढवळीकर यांनी मांडले. येथे तीन पायऱ्या वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे. पाच खोल्या आणि कोठार हे निरीक्षण आहे. धान्याचा सामुदायिक साठा हे बळकट अनुमान आहे. 'प्रमुख' आणि 'वसुली' ही पुढच्या समाजांवरून घेतलेली तुलना आहे. निष्कर्ष त्याज्य नाही. मात्र तो कोणत्या पायरीवर उभा आहे हे अध्यापनात सांगितले गेले पाहिजे.

मृतांचे घर

इनामगाव येथे दोनशेहून अधिक दफने मिळाली आणि त्यांपैकी फार मोठा वाटा बालकांचा आहे. मृत बालकाला दोन भरड मडक्यांत ठेवून, त्यांची तोंडे एकमेकांना जोडून, ती घराच्या जमिनीखाली अथवा अंगणात आडवी पुरीत. सोबत कधी तोटीचे भांडे आणि वाडगा ठेवीत. ज्या घरात आई दळत होती आणि चूल पेटत होती, त्याच घराच्या जमिनीखाली हे मूल होते. बालमृत्यूचे प्रमाण हा लोकसंख्याशास्त्राचा विषय आहे. परंतु मूल घराबाहेर न काढण्याची ही रीत संख्येने व्यक्त होत नाही. ती केवळ मडक्याच्या जागेवरून कळते.

प्रौढांना खड्ड्यात उत्तर-दक्षिण उताणे पुरीत आणि त्यांचे पाय घोट्याखाली तोडीत. मृताने भूत होऊन फिरू नये म्हणून असे केले जात असावे, हे स्पष्टीकरण प्रसिद्ध आहे. याला एक लक्षणीय अपवाद आढळला. पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात चार पायांच्या, मोठ्या पोटाच्या मातीच्या रांजणात एका प्रौढ पुरुषाला बसत्या स्थितीत पुरलेले होते आणि त्याचे पाय तोडलेले नव्हते. नियम आणि अपवाद एकत्र पाहिले म्हणजे त्या व्यक्तीचा दर्जा वेगळा असावा, हे अनुमान अधिक दृढ होते.

एका घराच्या जमिनीखाली कच्च्या मातीची लंबवर्तुळाकार डबी मिळाली. तिच्यात स्त्रीमूर्ती होती, तर झाकणावर शिर नसलेली दुसरी स्त्रीमूर्ती आणि मातीचा बैल ठेवलेला होता. दोहोंना असलेल्या छिद्रांवरून ही स्त्रीमूर्ती काडीच्या साहाय्याने बैलाच्या पाठीवर बसविता येत असे, हे लक्षात आले. मूर्ती, डबी आणि बैल ही तीन वेगवेगळ्या ठिकाणी मिळाली असती तर त्यांचे नाते कळले नसते.

उत्तर काळ : ऱ्हासाची चर्चा

इ. स. पू. १००० च्या सुमारास चित्र पालटते. मोठ्या आयताकार घरांऐवजी लहान, गोल झोपड्या दिसू लागतात. भांड्यांचा दर्जा घसरतो. गव्हाचे प्रमाण घटते. शेळ्या-मेंढ्या आणि शिकार यांवरील भिस्त वाढते. पाऊसमान घटल्याने शेतीप्रधान समाज अर्धभटक्या पशुपालनाकडे वळला, अशी ढवळीकर यांची मांडणी आहे. सुमारे इ. स. पू. ७०० मध्ये वसाहत ओस पडली.

पुढे बालकांच्या अस्थींची नव्याने तपासणी झाली. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात उत्तर काळातील बालकांच्या खुंटलेल्या वाढीचा अभ्यास मांडला आणि केवळ हवामानबदलाने सर्व काही स्पष्ट होते काय, हा प्रश्न पुन्हा खुला केला. उत्खनन संपल्यानंतर पंचवीस वर्षांहून अधिक काळाने अशी फेरतपासणी होऊ शकली, कारण प्रत्येक अस्थी कोणत्या थरातील, कोणत्या घरातील याची नोंद उपलब्ध होती. उत्खनकाचा निष्कर्ष बदलू शकतो. नोंद बदलत नाही.

तुलनेसाठी : प्वेब्लो वसाहती

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील आदिवासी शेतकऱ्यांच्या दगडमातीच्या, एकाला एक लागून असलेल्या खोल्यांच्या वसाहतींना 'प्वेब्लो' म्हणतात. या स्पॅनिश शब्दाचा अर्थच गाव असा आहे. न्यू मेक्सिकोतील पेकॉस येथे आल्फ्रेड किडर यांनी १९१५ ते १९२९ या काळात उत्खनन केले. त्यांचे लक्ष भव्य वास्तूंपेक्षा गावाबाहेर शतकानुशतके साठलेल्या उकिरड्यावर होते. तेथील खापरांच्या क्रमवार थरांवरून त्या सबंध प्रदेशाचा सापेक्ष कालक्रम उभा राहिला. १९२९ मध्ये अँड्रू डग्लस यांनी घरांच्या तुळयांवरील वार्षिक वलयांची मालिका वर्तमानाशी जोडली आणि अनेक घरांच्या बांधकामाची नेमकी वर्षे सांगणे शक्य झाले. याच वलयांवरून इ. स. १२७६ ते १२९९ या काळातील दीर्घ अवर्षण उमगले. मेसा व्हर्दे परिसरातील वसाहती त्याच सुमारास ओस पडल्या. तथापि अवर्षण हेच एकमेव कारण होते असे आता मानले जात नाही. संघर्ष आणि सामाजिक ताण यांचाही विचार होतो. इनामगावच्या चर्चेशी असलेले हे साम्य लक्षणीय आहे.

पेकॉसच्या इतिहासाला आणखी एक बाजू आहे. तेथील शेवटचे रहिवासी १८३८ मध्ये हेमेझ या गावी स्थलांतरित झाले होते आणि त्यांचे वंशज आजही तेथे राहतात. किडर यांनी नेलेले सुमारे २,००० व्यक्तींचे अस्थिअवशेष १९९९ मध्ये या वंशजांकडे परत देण्यात आले आणि त्यांचे पेकॉस येथे पुन्हा दफन झाले. अभ्यासाची वस्तू ही कोणाची तरी पूर्वज असते, याची ही आठवण आहे. गावातील पांढर खणताना त्या गावाचा विश्वास संपादन करणे हे केवळ सौजन्य नव्हे, ते संशोधनाचे अंग आहे.

संदर्भ हरविल्यास काय होते

दायमाबाद येथे १९७४ मध्ये एका ग्रामस्थाला खोदताना तांब्याच्या चार भव्य कलाकृती मिळाल्या : बैलजोडी जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस. त्यांचे एकत्रित वजन ६० किलोग्रॅमहून अधिक आहे. भारतीय धातुकलेतील हा अनमोल ठेवा होय. परंतु त्या शास्त्रीय उत्खननात मिळाल्या नाहीत, त्यामुळे त्या नेमक्या कोणत्या थरातील हे निश्चितपणे सांगता येत नाही आणि त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद राहिले. एकीकडे साठ किलो धातू असून काळ वादग्रस्त आणि दुसरीकडे थरासह नोंदलेले मूठभर खापर असून त्यावरून सबंध घराचा काळ निश्चित. वस्तूचे मोल तिच्या द्रव्यात नसून तिच्या जागेत असते, हे यातून स्पष्ट होते.

नेमकी हीच जागा आज धोक्यात आहे. राख, शेण आणि हाडे यांमुळे पांढरीची माती सुपीक असते. ती खत म्हणून गाड्या भरून शेतात नेण्याची रीत जुनी आहे. यंत्रांमुळे जे काम पूर्वी पिढ्यान्‌पिढ्या चाले ते आता काही दिवसांत होते. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती माती आहे आणि त्याला दोष देता येत नाही. त्या मातीत काय आहे हे त्याला कोणी सांगितले नाही, हा दोष शिक्षणव्यवस्थेचा आहे.

कोकणकिनारा आणि पूर्णगड परिसर

कोकणात देशावरच्यासारखी उंच टेकाडे सहसा आढळत नाहीत. त्याची कारणे निसर्गात आहेत. मुसळधार पाऊस मातीच्या भिंती टेकाड होण्याआधीच वाहून नेतो. उतारावरील वस्तीचे अवशेष खाली घसरतात. जांभ्या दगडापासून बनलेली माती आम्लधर्मी असल्याने हाडे टिकत नाहीत. त्यामुळे येथे पुरावा नाही असे म्हणण्यापेक्षा येथे पुरावा निराळ्या रूपात शोधावा लागतो, असे म्हणणे योग्य ठरेल. चौलच्या खाडीकाठी सातवाहनकाळापासूनच्या वसाहतीचे अवशेष उत्खननात मिळाले आहेत. गुहागर तालुक्यातील पालशेतजवळच्या सुसरोंडी गुहेत अश्मयुगीन हत्यारे आढळली आहेत.

पूर्णगडाच्या दक्षिणेस, राजापूर तालुक्यातील कशेळीच्या सड्यावर कोरलेला प्रचंड हत्ती आणि त्याच्या आकृतीत सामावलेले अनेक प्राणी प्रसिद्ध आहेत. कोकणातील अशा कातळशिल्पांचा २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारसास्थळांच्या यादीत समावेश झाला. इनामगाव आणि कशेळी यांची तुलना विचारप्रवर्तक आहे. इनामगावला चुली, कणग्या आणि मडकी सापडली. कशेळीला चित्र सापडले, पण ते कोरणाऱ्यांच्या चुली अद्याप हाती लागलेल्या नाहीत. चित्राचा काळ ठरविणे म्हणूनच कठीण जाते. सड्याच्या आसपासची पाण्याची ठिकाणे, गुहा आणि खाडीकाठ यांचे पद्धतशीर सर्वेक्षण हाच त्या चुलींकडे जाणारा मार्ग आहे. चिरेखाणी आणि बांधकामे यांमुळे सड्यांचा पृष्ठभाग झपाट्याने बदलत असल्याने हे काम लांबणीवर टाकणे परवडणारे नाही.

अलीकडच्या शतकांतील वस्तीही या अभ्यासाच्या कक्षेत येते. किनाऱ्यावरील गावांत मुंबईच्या स्थलांतरानंतर ओस पडलेल्या घरांची जोती, विहिरी, जुन्या वाटा आणि शिंपल्यांचे ढीग दिसतात. त्यांचा काळ ठरविण्यास साध्या वस्तू उपयोगी पडतात. उदाहरणार्थ, मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने मंगळूर येथे १८६५ मध्ये सुरू केला. ज्या थरात अशा कौलाचा तुकडा आहे तो थर त्याआधीचा असू शकत नाही. कौलावर कारखान्याचा ठसा असल्यास कालमर्यादा अधिक काटेकोर होते. हाताने केलेल्या नळीच्या कौलांचा थर त्याखाली मिळाला तर एका घराच्या दोन पिढ्या डोळ्यांसमोर येतात.

यासाठी महाविद्यालयांनी उत्खनन करण्याची आवश्यकता नाही. परवानगीशिवाय ते करताही येत नाही. परंतु पृष्ठभागाचे सर्वेक्षण, छायाचित्रण, मोजमाप, नकाशा आणि वृद्धांच्या आठवणींचे संकलन ही कामे विद्यार्थ्यांकडून होऊ शकतात. वस्तू उचलून महाविद्यालयाच्या कपाटात ठेवण्यापेक्षा ती जागेवर ठेवून तिची नोंद करणे आणि पुरातत्त्व विभागाला कळविणे अधिक मोलाचे आहे. इतिहासाबरोबरच भूगोल, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि मराठी या विभागांनाही येथे वाव आहे. जळालेला दाणा ओळखणे हे वनस्पतिशास्त्राचे काम, मातीची आम्लता मोजणे हे रसायनशास्त्राचे, तर वाडी, सडा आणि बंदर यांची स्थलनामे अभ्यासणे हे भाषेचे काम आहे.

समारोप

इनामगावच्या लोकांनी लिपी वापरली नाही, किल्ले बांधले नाहीत, स्मारके उभारली नाहीत. त्यांनी नऊशे वर्षे सातू पेरला, पाणी वळविले, मडकी घडविली आणि मेलेली मुले घरातच ठेवली. हे सर्व आज ज्ञात आहे, कारण त्यांच्या फुटक्या वस्तू जेथे पडल्या तेथेच राहिल्या आणि उत्खनकांनी ती जागा काटेकोरपणे नोंदविली. दोहोंपैकी एक गोष्ट जरी नसती तरी हा इतिहास उपलब्ध झाला नसता.

पूर्णगडासारख्या स्थळाकडे पाहताना तटबंदीइतकेच लक्ष तटाखालच्या जोत्यांकडे, उकिरड्यांकडे आणि खापरांकडे जाणे म्हणूनच आवश्यक आहे. किल्ला कोणी बांधला हा वाद कागदपत्रांच्या आधारे कदाचित सुटेल. तो ज्यांच्या श्रमावर टिकला त्यांच्याविषयीचा पुरावा मात्र मातीत आहे, आणि माती एकदा हलली की तो पुन्हा मिळविता येत नाही.